आधी कोणाले न्यायचं

पेपरवाल्याचा मले भलता राग आला. 'परिचारिकेच्या प्रसंगावधानाने वाचले प्राण' असं वरतं मोठ्या अक्षरात, अन् खाली माहा फोटो. तोही मामेबहिणीच्या लग्नातला, गजरा लावून हसून राह्यलेला. अपघाताच्या बातमीले हसरा फोटो लावते का कोणी? आमच्या नालवाडीतल्या पोट्ट्यांनी तोच फोटो स्टेटसले ठेवला. कोणी वाघीण लिहिलं, कोणी रणरागिणी. किराणावाला साखर तोलता तोलता म्हणे, "सिस्टर, तुम्ही तं हिरोईन झाल्या." मी म्हटलं, "भाऊ, काट्याकडं पाहा."

मी नर्स आहो. सेवाग्रामले शिकली, आता वर्ध्यात एका दवाखान्यात कॅज्युअल्टीले असतो. पेशंट येते, मी रक्त थांबवतो, श्वास मोकळा करतो, त्याचा पगार भेटते. चौकातला भजेवाला रोज भजे तळते, त्याले कोणी शाल पांघरते का? हे मी भेटन त्याले सांगत गेली. तं लोक म्हणत, "पाहा, किती साधी आहे बिचारी." मी साधी-बिधी काई नाई. मले त्या कौतुकाची शरम वाटून राह्यली होती, अन् शरमेचं कारण सांगता येत नव्हतं.

मंग एका संध्याकाळी अश्वजित आला. शेजारच्या जिजाबाईचा पोरगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मयुरी नावाच्या पोरीसंग लग्न जमलेला. दारातच उभा राह्यला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"रक्षाताई, रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे. भन्तेजी येतील, मयुरीकडचे सगळे येतील. त्याच कार्यक्रमात तुहा सत्कार ठेवला. नाई म्हणू नको."

"अश्वजित, हे कायले रे?"

"कायले म्हंजे? तू नसती तं मयुरी वाचली असती का? तिचा बाप वाचला असता का?" मंग आवाज खाली आणून म्हणे, "आईच्या बाबतीत तू तरी काय करशीन. ती जाग्यावरच गेली. तिले काई समजलंच नाई, तेवढंच मले समाधान आहे, ताई. त्याच्यावरच झोप लागते."

हे 'जाग्यावरच' त्याले मीच सांगतलं होतं. अन् ते खोटं होतं.

जिजाबाईले मी मोठीमाय म्हणो. नात्यातली नाई, भिंतीले भिंत लागून घर एवढंच. पण माही माय सूतगिरणीत कामाले जाये अन् मी दिवसभर जिजाबाईच्या ओसरीत पडली राहो. तिच्याच हातची भाकर खाल्ली, तिच्याच हातचा मार खाल्ला. बारावीनंतर बाबा म्हणे पोरीचं लग्न उरकून टाकू. तं जिजाबाई आमच्या घरी येऊन बसली अन् म्हणे, "पोट्टीले नर्सिंगले धाडत असशीन तं मी उठतो, नाई तं इथंच बसतो." बसलीच, बाप्पा. दुपारचं जेवणही आमच्याच घरी केलं. बाबा शेवटी कंटाळून हाव म्हणे. तर मी नर्स झाली ती तिच्यामुळं, हे काई वाढवून-चढवून सांगून नाई राह्यली.

अश्वजितचं लग्न जमलं. मयुरी म्हणून पोरगी, आर्वीकडची, डी.एड. झालेली, बोलाले कमी पण नजरेनं हुशार. आपल्याकडं लग्नाच्या बस्त्याले दोन्हीकडचे लोक संगच जातात, तसे आम्ही क्रूझर करून नागपूरले गेलतो. जिजाबाईनं मले जबरदस्तीनं नेलं. "रक्षीले रंगातलं समजते," म्हणे. मयुरी होती, तिचे वडील बाबाराव होते, तिचे मामा-मामी, आमच्या गल्लीतल्या प्रमिलाबाई. अश्वजितची शाळा होती, तो आला नव्हता. साड्या घेता घेता जिजाबाईचं अन् मयुरीच्या मामीचं थोडं वाजलंही. मामी म्हणे नवरीची साडी आम्ही पसंत करू, जिजाबाई म्हणे लग्न लागतानाची पांढरी साडी आम्ही देतो तं आम्हीच पसंत करू. मयुरी बिचारी मधात उभी. शेवटी मी एक साडी उचलली अन् दोघीइले गप केलं.

परत येताना दुपार कलली होती. केळझरच्या अलीकडं रस्त्यावर रोही, म्हंजे नीलगाय, आडवा आला. एवढं मोठं जनावर एकदम डांबरावर. ड्रायव्हरनं गाडी एकदम बाजूले वळवली अन् क्रूझर कडंच्या नालीत दोन कोलांट्या खाऊन पडली.

मी मागच्या दाराच्या बाजूनं होती, म्हणून बाहेर फेकली गेली. खांदा दुखून राह्यला होता, पण उभं राहता येत होतं. मले भेव वाटलं नाई. हे मी शपथेवर सांगतो, कारण ह्याच गोष्टीले लोक हिंमत म्हणतात. हिंमत भेव वाटल्यावर लागते. मले तेव्हा काहीच वाटत नव्हतं. हात आपोआप चालत होते. आम्हाले शिकवलं होतं, बोंबलणाऱ्याकडं नंतर जा, गप पडलेल्याकडं आधी. जो बोंबलते त्याचा श्वास चालू असते.

मयुरी गप होती. पालथी पडली होती अन् नाकातोंडातून रक्ताचा घुरघुर आवाज येऊन राह्यला होता. तिले एका कुशीवर केली, तोंड साफ केलं, जबडा पुढं उचलून धरला तशी तिची छाती हलली. मामीले बोलावलं, तिचे हात माह्या हातावर ठेवले अन् सांगतलं, असंच धरून ठेव, सोडशीन तं पोरगी जाईन. मंग बाबाराव. मांडीतून रक्त उडून राह्यलं होतं अन् तो माणूस सारा रस्ता डोक्यावर घेऊन बोंबलत होता. बस्त्यातली नवीन साडी फाडली, वरतं आवळून बांधली, काठी घालून पिळली. रक्त थांबलं. बोंबलणं नाई थांबलं.

अन् जिजाबाई. ती नालीच्या काठावर बसली होती, पाठ दगडाले टेकून. डोक्यावरचा पदर नीट घेतला होता. मी जवळ गेली तं म्हणे, "मले काई नाई झालं. तू पोरीले पाह्य." मी तरी हाताची नस पाह्यली. नस धाग्यावानी बारीक झालती अन् पळून राह्यली होती. कपाळ थंड, ओलं. पोटाले हात लावला तं पोट फळीवानी कडक. पोटातल्या पोटात रक्त जाऊन राह्यलं होतं. त्याले रस्त्यावर काही औषध नाई. त्याले फक्त ऑपरेशनचा टेबल, अन् जितकं लवकर तितकं बरं.

म्हंजे मले समजलं होतं. इथं मी कोणाले फसवत नाई, स्वतःलेही नाई.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. एकच. दुसरी निघाली आहे म्हणे. आतमंधी एक स्ट्रेचर, अन् बाजूले लांब बाक, त्याच्यावर अजून एक माणूस निजवता येते. सोबतचा डॉक्टर नवाच होता, पोट्टाच, त्यानं मले विचारलं, "सिस्टर, कोणाकोणाले घेऊ?" स्ट्रेचरवर मयुरी. त्याच्यात काही विचारच नव्हता. तिचा जबडा कोणी तरी धरून बसाले पाहिजे होता, म्हणून संग मी. ते माहं काम होतं अन् ते मी बरोबर केलं. उद्या पुन्हा वेळ आली तं तेच करीन.

राह्यला बाक.

बाबारावचं रक्त थांबलं होतं. तो अर्धा तास काय, तासभर थांबू शकत होता. जिजाबाई थांबू शकत नव्हती. आमच्या मॅडमनं परीक्षेत हा प्रश्न विचारला असता तं मी डोळे मिटून उत्तर लिहिलं असतं. पण मयुरीचा मामा अ‍ॅम्ब्युलन्सच्या दाराले धरून उभा होता. "बापाले लेकीसंग जाऊ द्या," तो ओरडून राह्यला होता, "त्याचा पाय पाहा, तुम्हाले दिसत नाई का?" अन् मामी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. सकाळीच साडीवरून त्यांचं वाजलेलं. मले वाटलं, मी आता जिजाबाईले आत घेतली तं हे म्हणतील, पाहा, आपला तो बाब्या. आपल्या म्हातारीले काही लागलं नाई तरी नेली अन् आमचा माणूस रस्त्यावर टाकला. जिजाबाईच्या अंगावर रक्ताचा थेंबही नव्हता ना. बाहेरून दिसाले काहीच नव्हतं. मी त्यांना सांगून समजवलं असतं, चिडली असती, शिवी हासडली असती. कॅज्युअल्टीत रोज हासडतो. त्या दिवशी मी सोयरिकीची लाज धरली.

तेव्हा जिजाबाईनं मले हाक मारली. "रक्षे, मले ने वं माय."

मी म्हटलं, "मोठीमाय, मागून दुसरी गाडी येऊन राह्यली. प्रमिलाबाई आहे तुह्याजवळ." अन् बाबारावले बाकावर घ्या म्हणून सांगतलं, अन् दार लागलं.

दुसरी गाडी आली तेव्हा उशीर झाला होता. जिजाबाई रस्त्यातच गेली, दवाखान्यात तिले उतरवलं तवा नस नव्हती.

दवाखान्याच्या दारात अश्वजित धावत आला. त्यानं पह्यले आईचं विचारलं. आपल्याकडं अशा वेळी सगळेच म्हणतात तेच माह्या तोंडातून निघालं, "जाग्यावरच गेली रे. तिले काही समजलं नाई." प्रमिलाबाई मागून आल्या. त्यांनीही मान हलवली. त्यांना वाटलं मी पोराचं दुःख हलकं करून राह्यली. जिजाबाईनं मले काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं नव्हतं, त्या तेव्हा फोन लावून राह्यल्या होत्या.

रविवार येईपर्यंत मी रोज ठरवत होती की आज अश्वजितले सांगून टाकू. एकदा त्याच्या ओसरीपर्यंत गेलीही. प्रमिलाबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचशील रोज म्हणणारी बाई, पण मले म्हणे, "रक्षे, एक बोलू का? पोरगी काही मले पायगुणाची नाई वाटत. घरात पाय नाई पडला अन् सासूचा जीव गेला." मी म्हटलं, "प्रमिलाबाई, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून हे बोलून राह्यल्या तुम्ही?" त्यांनी सुपात मान घातली, पण मले उमगलं. मी सांगतलं तं माहं ओझं हलकं होईन, अन् ते सगळं त्या पोरीच्या डोक्यावर जाऊन पडन. हिच्या बापापायी सासू रस्त्यावर मेली, असं म्हणतील. जन्मभर म्हणतील. मी वापस आली. सांगता येईना, गिळता येईना, अन् वरून लोक हार घालाले येऊन राह्यले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी अंगणात पांढरा मांडव पडला. सगळे पांढऱ्या कपड्यात. जिजाबाईचा फोटो टेबलावर, समोर मेणबत्त्या. बाबाराव कुबडी घेऊन पह्यल्या रांगेत बसले होते. मले पाहताच त्यांनी उठाची धडपड केली अन् हात जोडले. मी तोंड फिरवून मागं निघून गेली, जिथं स्वयंपाक चालला होता.

मागोमाग मयुरी आली. गळ्यापाशी टाक्यांची खूण अजून लाल होती.

"ताई, दोन मिनिटं."

"बोल."

"मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं?"

"डोळे उघडत नव्हते माझे. पण ऐकू येत होतं. मामा बाबांसाठी ओरडत होता ते. आणि आई तुम्हाला म्हणाल्या ते." ती जिजाबाईले सासू नाई, आई म्हणत होती. "मी आज कार्यक्रम झाला की अश्वजितला सांगणार आहे, हे लग्न नको. कारण नाही सांगणार. आमच्यामुळे त्यांची आई गेली आणि मी त्यांच्याच घरात जाऊन त्यांच्याच चुलीवर रांधू? मला नाही जमणार, ताई."

 इतके दिवस मी समजत होती की मी चूप राहून या पोरीले वाचवून राह्यली. अन् ती आपली एकटीच सारं मनात घेऊन फिरत होती.

"पोरी," मी म्हटलं, "तुह्या मामानं मागतलं. लोक मागतच असतात. रोज शंभर लोक माह्याजवळ काही ना काही मागतात. द्यायचं का नाई हे मी ठरवतो. बाकावर कोणाले निजवायचं हे मी ठरवलं. तुहा बाप नाई, तू नाई, मी."

"पण..."

"तू बेशुद्ध होती. तुले काहीच माहीत नाई. समजलं का? कोणी विचारलं तं हेच सांगजो. मरेपर्यंत हेच सांगजो. अन् लग्नाचं आज एक शब्द बोलू नको."

ती काही बोलणार तेवढ्यात मांडवातून माहं नाव पुकारलं.

वंदना झाली होती, भन्तेजींचं बोलणं झालं होतं. कोणी तरी माइकवर सांगून राह्यलं होतं की आपल्या वस्तीची लेक कशी मृत्यूच्या दाढेतून लोकांना ओढून आणते. अश्वजित शाल घेऊन उभा होता. मी समोर गेली. त्यानं शाल उघडली तसा मी त्याचा हात धरला.

"थांब," मी म्हटलं. माइक जवळच होता, सगळ्याइले ऐकू गेलं. "आधी मले एक सांगू दे, मंग तुले घालायची असन तं घाल."

माइकवाला बाजूले सरकला.

"मोठीमाय जाग्यावर नाई गेली," मी म्हटलं. "मी तुले खोटं सांगतलं. ती बसून होती, बोलत होती. तिच्या पोटात रक्त जाऊन राह्यलं होतं हे मले समजलं होतं. गाडीत एक जागा रिकामी होती. ती तिची होती. नियमानं तिचीच होती. मी ती बाबारावले देल्ली. बाबारावनं मागतली नाई, त्यांच्याकडच्या कोणी मागतली नाई. मयुरी तं बेशुद्धच होती. मलेच भेव वाटलं, लोक म्हणतील हिनं आपलं माणूस आधी नेलं. त्या भेवापायी मी तिले तिथं सोडून गेली. बाकी दिवसभर मी जे केलं ते माहं काम होतं, त्याच्यासाठी शाल नको. हे एक काम मी केलं नाई. अन् हे कोणी पेपरात छापलं नाई."

पह्यल्या रांगेत मामा बसला होता. त्यानं मान खाली घातली. बाबाराव कुबडी चाचपून उठाले गेले. मागून प्रमिलाबाई रडत होत्या.

अश्वजित हलला नाई. शाल त्याच्या दोन्ही हातावर तशीच उघडी होती. त्याचा आवाज एकदम शांत होता, वर्गात पोरांना विचारावा तसा.

"वाचली असती का?"

"माहीत नाई. कदाचित वाचली असती, कदाचित नसती. पण जागा तिची होती."

"आई काही म्हणे का तुले?"

हे मी माइकवर सांगतलं नव्हतं. त्याच्यापुरतं तरी वाचवावं म्हणून गाळलं होतं. पण आता त्यानं विचारलं होतं, अन् त्याले मी एकदा खोटं सांगून चुकली होती.

"'रक्षे, मले ने वं माय,' म्हणे."

"तुले ऐकू आलतं?"

"आलतं."

त्यानं शालीची एक घडी घातली. मंग म्हणे, "एकदाच म्हणे?"

दार लागता लागता ती पुन्हा म्हणाली होती. हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं, आतापर्यंत तुम्हालेही नाई.

"दोनदा," मी म्हटलं.

त्यानं शाल टेबलावर ठेवली. समोर जाऊन मयुरीच्या बाजूच्या खुर्चीवर बसला अन् तिचा हात धरला. ती रडाले लागली. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई.